कवी, भाषाशास्त्रज्ञ, शिक्षक: ए. के. रामानुजन यांच्या तीन कामांचा परस्परसंबंध

भारतीय भाषांतील एखाद्या लेखकाचा परिचय कोशात किंवा ग्रंथाच्या मलपृष्ठावर दिला जातो, तेव्हा ‘कवी, समीक्षक, अनुवादक व प्राध्यापक’ अशी पदांची मालिका बहुधा आढळते. या मालिकेतील स्वल्पविराम फसवे असतात. त्या व्यक्तीने ही सर्व कामे दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी निर्वेधपणे उरकली, असा समज त्यांतून होतो. प्रत्यक्षात या कामांचे वेळेवर, भाषेवर आणि प्रतिष्ठेवर परस्परविरोधी दावे असतात. विद्यापीठ वेतन देते ते अध्यापनासाठी, बढती देते ती संशोधनासाठी, आणि कवितेकडे पाहते ते कौतुकाने किंवा संशयाने. प्रश्न असा की, ही तीन कामे एका व्यक्तीत केवळ शेजारी नांदतात, की एकातून दुसऱ्याला काही मिळते? आणि मिळत असेल तर ते नेमके कोणत्या वाटेने?

मराठीत या प्रश्नाची उदाहरणे कमी नाहीत. विंदा करंदीकर यांनी मुंबईच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवले; वसंत बापट आणि भालचंद्र नेमाडे यांनी मुंबई विद्यापीठातील तौलनिक साहित्याच्या अध्यासनावर काम केले; ग्रेस नागपुरात, वसंत आबाजी डहाके मुंबईत मराठीचे अध्यापक होते. तरीही मराठी समीक्षेने या लेखकांच्या अध्यापनाकडे चरित्रातील तपशील म्हणूनच पाहिले आहे. हा वर्ग, हा अभ्यासक्रम, हे पाठ्यपुस्तक आणि ही कविता यांचा दुवा शोधण्याचे प्रयत्न तुरळक आहेत. तसा दुवा दाखवता येतो काय, हे पाहण्यासाठी आत्तिपट कृष्णस्वामी रामानुजन (1929-1993) यांच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. त्यांच्या तीनही कामांचे पुरावे मुबलक आहेत, आणि एका कामाचा दुसऱ्यावर पडलेला ठसा कवितेच्या ओळीपर्यंत जाऊन तपासता येतो.

त्याआधी एका पूर्वसूरीचा उल्लेख आवश्यक आहे. 1956 मध्ये जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तो बुद्धदेव बसू या कवीच्या पुढाकाराने. ढाका विद्यापीठातून इंग्रजीत एम. ए. झालेले बसू 1935 पासून ‘कविता’ हे नियतकालिक चालवीत होते. त्यांनी विभागात अध्यापनासाठी बोलावले तेही सुधीन्द्रनाथ दत्तांसारख्या कवीला. 1957 मध्ये कालिदासाच्या ‘मेघदूता’चा बसूंचा बंगाली अनुवाद दीर्घ प्रस्तावनेसह आला, 1961 मध्ये बोदलेरचा. बंगाली कवितेच्या पुढच्या पिढीने बोदलेर वाचला तो प्रामुख्याने या अनुवादातून. 1963 मध्ये बसूंनी जादवपूर सोडले. तौलनिक साहित्य ही ज्ञानशाखा भारतात एका कवीच्या हातून उभी राहिली, ही गोष्ट या शाखेच्या इतिहासात सहसा एका वाक्यात उरकली जाते. बसूंचे अनुवाद आणि त्यांनी आखलेला अभ्यास या दोन्हींमागे एकच आग्रह होता: परकी कविता आपल्या भाषेत कविता म्हणून उभी राहिली पाहिजे, ती केवळ माहिती म्हणून येऊन भागणार नाही.

रामानुजन यांची वाट निराळी होती, आणि ती बरीच वळसे घेत गेली. म्हैसूरमधील घरात आईशी तमिळ, गणिताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांशी इंग्रजी आणि रस्त्यावर कन्नड, अशी त्यांच्या बालपणाची भाषिक विभागणी त्यांनी स्वतःच सांगितली आहे. म्हैसूरला इंग्रजी साहित्यात एम. ए. झाल्यावर त्यांनी कोल्लम, बेळगाव, बडोदे अशा ठिकाणी सुमारे आठ वर्षे इंग्रजी शिकवले. 1958 मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी आले. 1959 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात गेले आणि 1963 मध्ये त्यांना भाषाशास्त्रातील पीएच. डी. मिळाली, विषय होता कन्नडचे व्याकरण. त्याच्या आदल्याच वर्षी ते शिकागो विद्यापीठात रुजू झाले होते आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

या क्रमात ध्यानात घेण्याजोगी बाब ही की, साहित्याचा हा अध्यापक वयाच्या तिशीत भाषाशास्त्राचा विद्यार्थी झाला. आपल्याकडे असा बदल करणाऱ्याला ‘विषय सोडला’ असे म्हटले जाते. रामानुजन यांच्या बाबतीत विषय सुटला नाही. तो पाहण्याचे साधन बदलले. पुढे त्यांनी आपल्या घडणीचा खुलासा करताना इंग्रजी, भाषाशास्त्र व मानववंशशास्त्र या शिस्तींना बाह्य रूपे म्हटले, भारतातील पहिली तीस वर्षे आणि कन्नड, तमिळ, अभिजात साहित्य व लोकवाङ्मय यांचा सहवास यांना अंतर्गत द्रव्य मानले, आणि कोणते कोठून आले हे आता आपल्यालाच सांगता येत नाही अशी कबुली दिली. ही कबुली विनयाची समजून सोडून देणे बरोबर नाही. कोठून काय आले, हे अभ्यासकाला बऱ्याच अंशी सांगता येते.

1962 मधील एका शनिवारचा प्रसंग त्यांनी नोंदवून ठेवला आहे. शिकागो विद्यापीठाच्या हार्पर ग्रंथालयाच्या तळघरात ते जुन्या तमिळच्या प्राथमिक व्याकरणाचे पुस्तक शोधत होते. तमिळ ही मातृभाषा असूनही प्राचीन तमिळ त्यांनी कधी शिकली नव्हती. तेथे न उघडलेल्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी संपादिलेली ‘कुरुंतोकै’ची 1937 ची आवृत्ती सापडली. शोध व्याकरणाचा होता, हाती आली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची प्रेमकविता. प्रसंग थोडा अतिसुबक वाटतो, आणि तो सांगण्यात कवीचा हात दिसतो. पण त्यातील महत्त्वाचा तपशील दुर्लक्षिला जातो. ते तळघरात गेले होते ते नव्या नोकरीची तयारी म्हणून. तमिळ शिकवावयाची तर जुनी तमिळ यावयास हवी. शिक्षकाच्या गरजेने कवीला त्याची परंपरा सापडली, असे येथे खरोखर म्हणता येते. आपली परंपरादेखील जन्माने आपोआप मिळत नाही, ती कष्टाने परत मिळवावी लागते, हे त्यांचे प्रतिपादन या अनुभवातून आलेले आहे.

त्यानंतरचा कालक्रम बोलका आहे. 1965 मध्ये पंधरा तमिळ कवितांचे छोटे पुस्तक आले, 1966 मध्ये ‘द स्ट्रायडर्स’ हा स्वतःचा पहिला इंग्रजी संग्रह, 1967 मध्ये ‘कुरुंतोकै’तील निवडक कवितांचा अनुवाद ‘दि इंटीरियर लँडस्केप’, 1969 मध्ये कन्नड कवितासंग्रह ‘होक्कुळल्लि हूविल्ल’, 1971 मध्ये ‘रिलेशन्स’. तमिळ संकलनांचा मोठा अनुवाद ‘पोएम्स ऑफ लव्ह अँड वॉर’ 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. तळघरातील शनिवारपासून तेवीस वर्षे. आजच्या मूल्यमापनाच्या भाषेत या तेवीस वर्षांची ‘उत्पादकता’ कशी मोजली गेली असती, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

आता ओळीच्या पातळीवर काय घडले ते पाहावे. संगम साहित्यातील ‘अकम्’ कविता पाच ‘तिणैं’मध्ये विभागलेली आहे. ‘कुरिंजि’ म्हणजे डोंगर आणि मीलन, ‘मुल्लै’ म्हणजे रान आणि धीराने पाहिलेली वाट, ‘मरुतम्’ म्हणजे शेतशिवार आणि रुसवा, ‘नेय्तल्’ म्हणजे समुद्रकिनारा आणि व्याकूळता, ‘पालै’ म्हणजे उजाड माळ आणि ताटातूट. ‘तोल्काप्पियम्’ने दिलेली ही व्यवस्था इतकी काटेकोर आहे की, एका फुलाचे नाव घेतले तरी प्रहर, ऋतू, भूमी आणि भाव सूचित होतात. यापूर्वीच्या अनुवादांत हा भाग तळटीपांत जात असे. रामानुजन यांनी तो निबंधात घातला आणि कविता मोकळी ठेवली. 1967 च्या पुस्तकात अनुवादांच्या पाठोपाठ काव्यशास्त्राचे विवेचन येते. ही रचना शिक्षकाची आहे. विद्यार्थ्याने आधी कविता ऐकावी, गोंधळावे, मग व्यवस्था समजून घेऊन पुन्हा कवितेकडे जावे, असा एक तास त्या पुस्तकात दडलेला आहे.

भाषाशास्त्राचे काम याहून सूक्ष्म आहे. ‘ऐंकुरुनूरु’मधील एका लहानशा कवितेच्या अनुवादाची चिकित्सा करताना रामानुजन यांनी दाखवले की, तमिळ वाक्यात विशेषण-उपवाक्य नामाच्या आधी येते आणि इंग्रजीत नंतर. परिणामी तमिळ कवितेत तपशिलामागून तपशील येत राहतो आणि ज्याविषयी तो आहे ते नाम शेवटी उमगते. इंग्रजीत नाम आधीच हाती पडते आणि तपशील त्याच्या मागून फरफटत येतात. कवितेचा परिणाम या उशिरात असेल, तर इंग्रजीत तो उशीर निर्माण करावयाचा कसा? रामानुजन यांचे उत्तर पानावरच्या मांडणीत आहे. तुटक ओळी, पायरीपायरीने आत सरकणारे चरण, मध्ये सोडलेली जागा यांच्या साहाय्याने ते डोळ्याला थांबवतात. ही मांडणी आधुनिक इंग्रजी कवितेच्या अनुकरणातून आली, असे म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्यात काही तथ्य आहे. पण तिच्या मुळाशी वाक्यरचनेचा अभ्यास आहे. कन्नडच्या व्याकरणावर प्रबंध लिहिलेल्या माणसाला हा उशीर ऐकू आला, आणि कवीला त्यावर उपाय सुचला.

मराठी अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. ‘काल पावसात भिजत आलेल्या माणसाने दाराशी ठेवलेली छत्री’ असे आपण सहज म्हणतो. छत्री शेवटी येते, आणि त्यासाठी कसलीही कसरत करावी लागत नाही. मराठीत ‘जो-तो’ची रचनाही आहे आणि धातुसाधित विशेषणांची ही द्राविडी वळणाची रचनाही. म्हणजे तमिळ ‘अकम्’ कवितेचा मराठी अनुवादक इंग्रजीची अडचण न अनुभवता तो उशीर जसाच्या तसा राखू शकतो. आणि तरीही संगम कवितेशी मराठी वाचकाची ओळख मुख्यत्वे इंग्रजीतून झाली. यातील विसंगती आणखी वाढते ती ‘गाथासप्तशती’मुळे. हाल सातवाहनाच्या नावे असलेले महाराष्ट्री प्राकृतातील हे संकलन आणि तमिळ ‘अकम्’ कविता यांच्यात दख्खनच्या समान मौखिक परंपरेचा दुवा असावा, असे जॉर्ज हार्ट यांनी 1975 मध्ये मांडले. स. आ. जोगळेकरांनी 1956 मध्येच सप्तशतीची मराठी आवृत्ती सिद्ध केली होती. 1991 मध्ये तिच्यातील निवडक गाथा इंग्रजीत आणल्या त्या अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी. तेही कवी आणि अलाहाबाद विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक. गाथा व अकम् यांचे शेजारी शेजारी ठेवून केलेले मराठी वाचन अजून व्हावयाचे आहे.

वचनसाहित्याच्या अनुवादात, म्हणजे 1973 च्या ‘स्पीकिंग ऑफ शिवा’मध्ये, तीन कामांचा मेळ अधिक प्रभावी आणि अधिक वादग्रस्त ठरला. बसवण्णा, देवर दासिमय्या, महादेवियक्का आणि अल्लमप्रभू या चौघांची वचने त्यात आहेत. प्रत्येक वचनाच्या अखेरीस येणारी ‘अंकित’ म्हणजे इष्टदेवतेच्या नावाची मुद्रा. रामानुजन यांनी बसवण्णांच्या कूडलसंगमदेवाचे नाव ‘नद्यांच्या संगमाचा स्वामी’ अशा अर्थाने इंग्रजीत उतरवले, महादेवियक्कांच्या चेन्नमल्लिकार्जुनाचे ‘मोगऱ्यासारखा शुभ्र स्वामी’ असे केले, आणि दासिमय्यांचा रामनाथ मात्र तसाच ठेवला. या निवडीमागे कवीचा कान आहे यात शंका नाही. पण स्थलनाम असलेल्या देवाचे अर्थान्तर केले की कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरचे ते एक गाव नाहीसे होते आणि प्रतिमा उरते. मराठी वाचकाला हा फरक चटकन जाणवतो, कारण अभंगात मुद्रा बहुधा कवीची असते. तुका, नामा, जनी अशी. देवतेच्या नावाची मुद्रा ज्ञानदेवांच्या अभंगांत ‘बापरखुमादेवीवर’ या रूपाने भेटते. वचनकाराने स्वतःचे नाव मागे ठेवून देवाचे नाव पुढे करणे आणि वारकरी कवीने आपले नाव उच्चारून देवाशी भांडणे, यांत भक्तीच्या दोन निराळ्या कल्पना आहेत काय, हा तौलनिक अभ्यासाचा खरा विषय आहे.

या अनुवादांवरील सर्वांत धारदार आक्षेप तेजस्विनी निरंजना यांनी 1992 मध्ये घेतला. रामानुजन यांनी वचनांना पाश्चात्त्य रोमँटिकोत्तर काव्यकल्पनेत आणि आधुनिकतावादी समीक्षेच्या अपेक्षांत बसवले, अल्लमप्रभूंच्या भाषेतील खडबडीतपणा व अनुवादाला न जुमानणारे शब्द गुळगुळीत केले, असा त्याचा आशय. वसाहतोत्तर चर्चेत हा आक्षेप बराच गाजला. तो अंशतः मान्य करावा लागतो. रामानुजन यांची वचने इंग्रजीत फार चांगल्या कविता आहेत, आणि त्या फार चांगल्या असल्यामुळेच मूळ कन्नडकडे जाण्याची गरज वाचकाला भासेनाशी होते. कवी असलेल्या अभ्यासकाचा हा खास धोका आहे; सामान्य अनुवादकाला तो संभवत नाही. मात्र आक्षेपाची एक बाजू अपुरी राहते. हे पुस्तक ज्या वर्गासाठी लिहिले गेले, त्या वर्गात 1970 च्या दशकातील अमेरिकन विद्यार्थी बसले होते. त्यांना कन्नड येत नव्हती आणि भारतीय साहित्य म्हणजे संस्कृत, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत मोडणे हा त्या अनुवादाच्या हेतूचा भाग होता. शिक्षकाचा हेतू अनुवादाच्या समीक्षेत मोजला जात नाही. तो मोजला, तर निवाडा सौम्य होईलच असे नाही. पण आरोपीची ओळख तरी पूर्ण होईल.

मराठीत विंदा करंदीकर यांनी हीच कोंडी वेगळ्या रीतीने हाताळली. दिवसा इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या या कवीने 1957 मध्ये अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, पुढे ‘फाउस्ट’चा पहिला भाग आणि ‘राजा लिअर’. 1981 मध्ये ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’चे त्यांनी जे केले त्याला ‘अनुवाद’ न म्हणता ‘अर्वाचिनीकरण’ म्हटले. आपलीच भाषा सातशे वर्षांनी परकी झाली आहे, याची ती उघड कबुली होती. रामानुजन यांना तळघरात जे उमगले, तेच हे. फरक इतकाच की, विंदांचा वाचक आणि ज्ञानदेवांचा वाचक एकाच भाषेचे वारस होते. त्यामुळे मूळ ओव्यांचा धाक अर्वाचीन रूपावर कायम राहिला. रामानुजन यांच्यावर तो धाक फक्त त्यांच्या सदसद्विवेकाचा होता.

शेवटचे उदाहरण निबंधाचे. 1987 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातील परिषदेसाठी लिहिलेला आणि 1991 मध्ये पॉला रिचमन यांच्या संपादित ग्रंथात समाविष्ट झालेला ‘थ्री हंड्रेड रामायणाज’ हा निबंध कवी, भाषाशास्त्रज्ञ आणि शिक्षक या तिघांनी मिळून लिहिला आहे. त्याची सुरुवात सिद्धान्ताने होत नाही. रामाची अंगठी भूमीत पडते आणि हनुमान ती शोधत पाताळात उतरतो, या लोककथेने होते. पुढे वाल्मीकी, कंबन, जैन परंपरा, थायलंडमधील रामकथा आणि कर्नाटकातील एका लोकगायकाचे कथन यांची तुलना येते. त्या लोककथनात रावणालाच गर्भ राहतो आणि तो शिंकतो तेव्हा सीता जन्मते, कारण कन्नडमध्ये ‘सीत’ म्हणजे ‘शिंकला’. एका श्लेषावर उभी असलेली ही जन्मकथा टिपायला व्युत्पत्ती जाणणारा अभ्यासक लागतो, आणि ती श्लेष म्हणून गंभीरपणे घ्यायला कवी लागतो.

या निबंधातील कळीचा शब्द आहे ‘टेलिंग’. ‘पाठभेद’ किंवा ‘रूपांतर’ म्हटले की मूळ पाठ गृहीत धरला जातो. म्हणून रामानुजन यांनी ‘कथन’ हा शब्द पुढे केला. पुण्याच्या संदर्भात याचे वजन अधिक आहे. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 पासून 1966 पर्यंत चालू होते, आणि डेक्कन कॉलेजचे संचालक सु. मं. कत्रे यांनी 1941 मध्ये भारतीय पाठचिकित्सेवर ग्रंथ लिहिला होता. हस्तलिखितांच्या वंशावळी मांडून मुळाजवळ पोहोचावे, हा त्या शिस्तीचा ध्यास. तिच्या परिसरात भाषाशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याने तीस वर्षांनी मूळ पाठाची कल्पनाच लोककथेच्या संदर्भात निरुपयोगी ठरवली. त्याने पाठचिकित्सा नाकारली नाही. तिची हद्द आखून दिली.

हा निबंध दिल्ली विद्यापीठात शिकवला जात होता तो इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमात, साहित्याच्या नव्हे. 2008 मध्ये त्यावरून इतिहास विभागात मोडतोड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाच्या सूचनेवरून नेमलेल्या चार तज्ज्ञांच्या समितीपैकी तिघांनी निबंध ठेवण्याच्या बाजूने मत दिले, आणि तरीही ऑक्टोबर 2011 मध्ये विद्वत्परिषदेने तो वगळला. तोपर्यंत लेखकाच्या मृत्यूला अठरा वर्षे झाली होती. 1993 मध्ये शिकागोत त्यांचे निधन झाल्यावर उरलेल्या अप्रकाशित कविता 1995 च्या समग्र संग्रहात आल्या, आणि त्या संग्रहाला 1999 मध्ये साहित्य अकादेमीचा मरणोत्तर पुरस्कार मिळाला. निबंधांचा संग्रहही 1999 चाच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांक आणले. शोधनिबंध, ग्रंथ, प्रकल्प, मार्गदर्शन यांचे रकाने ठरले, आणि पुढील नियमावल्यांत ते थोडेफार बदलले. या तक्त्यात ‘द स्ट्रायडर्स’ कोठे लिहावयाचे, हे ठरवताना कोणताही विभागप्रमुख घुटमळेल. ‘दि इंटीरियर लँडस्केप’ हा अनुवाद म्हणून लिहावा, की त्यातील काव्यशास्त्रीय विवेचन वेगळे काढून शोधनिबंध म्हणून? आणि 1962 ते 1985 या काळात पुन्हा पुन्हा खोडून लिहिलेल्या त्याच तमिळ कविता नेमक्या कोणत्या शैक्षणिक वर्षात दाखवावयाच्या?